ऑनलाइन कौलाची सशुल्क सेवा : विधानसभा निवडणुकीत एका साप्ताहिकाला आलेला अनुभव

२०२४च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीचे वेळापत्रक १५ ऑक्टोबरला जाहीर झाले आणि त्याच आठवड्यात आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकाने एका ऑनलाइन सर्वेक्षण सेवेची दोन महिन्यांची वर्गणी भरली. मतदान २० नोव्हेंबरला होते आणि मोजणी २३ला. हाताशी जेमतेम पाच आठवडे, वार्ताहर तीन आणि मतदारसंघात गावे शंभराहून अधिक. घरोघर फिरून चाचणी घेणे आवाक्याबाहेरचे वाटत होते. तेव्हा मोबाइलवर लिंक पाठवून लोकांचा कल समजत असेल तर तो समजून घ्यावा, असा सरळ हिशेब आम्ही केला. सेवेचे शुल्क आमच्या अर्ध्या पानाच्या दोन जाहिरातींइतके होते. त्या पैशांत काय मिळाले आणि काय मिळूच शकत नाही, हे इतर छोट्या नियतकालिकांना, स्थानिक कार्यकर्त्यांना आणि असले कौल पाहून चहाच्या टपरीवर पैजा लावणाऱ्यांना उपयोगी पडेल, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. सेवेचे नाव देत नाही, कारण पुढे येणाऱ्या बहुतेक उणिवा या प्रकारच्या साऱ्याच सेवांच्या मुळाशी आहेत.

प्रश्नावली तयार करणे खरोखर सोपे आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. अर्ध्या तासात फॉर्म तयार होतो, तो साध्या फोनवरही उघडतो, आणि उत्तरे येतील तशा आलेखाच्या पट्ट्या डोळ्यांदेखत हलतात. मराठीची सोय आहे असे जाहिरातीत म्हटले होते, प्रत्यक्षात तयार नमुन्यातला पहिलाच प्रश्न “आज निवडणूक आयोजित केल्यास आपण कोणत्या पर्यायास समर्थन देण्यास सर्वाधिक संभाव्य आहात?” असा होता. आम्ही तो खोडून “आज मतदान झाले तर मत कोणाला द्याल?” असे लिहिले. “अजून ठरवले नाही” आणि “सांगायचे नाही” हे दोन पर्याय नमुन्यात नव्हतेच. निवडणुकीच्या चाचणीत हे दोन पर्याय नसतील, तर कुंपणावरच्या माणसाला कोणत्या तरी अंगणात ढकलल्यासारखे होते. तेही आम्ही हाताने घातले. पर्यायांचा क्रम प्रत्येक उत्तरदात्यासाठी बदलता ठेवण्याची सोय मात्र वरच्या, महागड्या योजनेत होती. मतदान यंत्रावर नावांचा क्रम ठरलेला असतो, म्हणजे आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय व राज्य पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम. आम्ही दुसऱ्या फेरीत तोच क्रम वापरला. मोबाइलच्या पडद्यावर पहिली तीन-चार नावेच दिसतात आणि पुढची पाहण्यासाठी बोट सरकवावे लागते, ही अडचण त्याने सुटली नाही, पण निदान दोष द्यायला आमची निवड उरली नाही.

पहिली फेरी ऑक्टोबरअखेरीस झाली. उमेदवार ठरायचे होते, म्हणून प्रश्न आघाडीनुसार विचारला होता. संध्याकाळी सहा वाजता लिंक आमच्या वाचकांच्या व्हॉट्सॲप गटांत टाकली. नऊ वाजेपर्यंत प्रतिसाद रेंगाळत येत होते आणि दोन्ही मोठ्या आघाड्यांच्या पट्ट्या जवळपास सारख्या लांबीच्या होत्या. साडेनऊनंतर एकच पट्टी वाढू लागली आणि जेवून परत येईपर्यंत ती दुसरीच्या दुप्पट झाली. चौकशीअंती कळले की ती लिंक एका इच्छुकाच्या कार्यकर्त्यांच्या गटात “पोरांनो, आपण मागे दिसता कामा नये” अशा मजकुरासह फिरली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या बाजूला जाग आली आणि संध्याकाळपर्यंत पट्ट्यांची अदलाबदल झाली. या चोवीस तासांत मतदारसंघातील एकाही माणसाचे मत बदलले असेल असे मला वाटत नाही. बदलला तो फक्त कोणत्या गटातल्या पोरांना रात्री वेळ होता याचा हिशेब. कार्यालयातल्या संगणकावर ब्राउझरची खासगी विंडो उघडून मी स्वतः चार वेळा मत नोंदवून पाहिले आणि चारही वेळा “धन्यवाद, आपले मत मोलाचे आहे” असे उत्तर आले.

हे प्रतिसाद आम्ही छापले नाहीत. पण त्याच दिवसांत इतरांच्या अशाच कौलांची छायाचित्रे गावोगाव फिरत होती, आणि “इतक्या हजार लोकांचा कौल” हे त्यांच्या मथळ्यातले सर्वांत मोठे अक्षर होते. आकडा मोठा म्हणजे चाचणी खरी, ही समजूत फार जुनी आहे. अमेरिकेत १९३६च्या अध्यक्षीय निवडणुकीत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या होत्या, त्यांतल्या तेवीस लाखांहून अधिक भरून परत आल्या, आणि त्यांच्या जोरावर त्यांनी रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन जिंकणार असे जाहीर केले. प्रत्यक्षात तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ४८पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते प्रामुख्याने दूरध्वनीच्या याद्यांतून आणि मोटार नोंदणीतून घेतलेले होते, म्हणजे मंदीच्या काळात ज्यांच्याकडे फोन आणि मोटार होती त्यांचे. शिवाय ज्यांना कळवळून काही सांगायचे होते त्यांनीच पत्रिका परत पाठवल्या. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला. तेवीस लाख उत्तरांची ही गत होत असेल, तर आमच्या काही शेकड्यांची काय मातब्बरी!

या सेवेविरुद्ध माझी सर्वांत मोठी तक्रार इथेच आहे. निकालाच्या पानावर वर उजवीकडे हिरव्या चौकटीत “संभाव्य चूक ± ३ टक्के” असा आकडा आपोआप येतो आणि प्रतिसाद वाढले की तो आणखी लहान होतो. हा आकडा खोटा नाही, पण तो या चाचणीचा नाही. प्रत्येक मतदाराला निवडले जाण्याची ठरावीक संधी आहे असा यादृच्छिक नमुना घेतला, तर एक हजारांच्या नमुन्यात चूक शंभरपैकी पंचाण्णव वेळा सुमारे ३ टक्क्यांच्या आत राहते, आणि सुमारे २४०० जणांच्या नमुन्यात ती २ टक्क्यांच्या आत राहते. लोक स्वतःहून येऊन बटण दाबतात तिथे हे सूत्र लागूच होत नाही. तिथली चूक ३ टक्के असेल, १३ असेल किंवा योगायोगाने शून्यही असेल, आणि ती किती आहे हे सांगायला प्रतिसादांच्या संख्येचा काडीचाही उपयोग नसतो. ग्राहक सेवेला मी लिहिले की ही चौकट काढून टाका, निदान खाली एक ओळ तरी घाला. उत्तर आले की सूत्र आंतरराष्ट्रीय मानकांनुसार आहे. त्याचेच तर दुःख आहे.

४ नोव्हेंबरला अर्ज मागे घेण्याची मुदत संपली आणि चित्र स्पष्ट झाले. दुसऱ्या फेरीत आम्ही मोबाइल क्रमांकावर ओटीपी पाठवण्याची सोय विकत घेतली, म्हणजे एका क्रमांकावरून एकच मत. बनावट मतांचा पूर ओसरला, हे खरे. पण नवीच अडचण पुढे आली, आणि ती आमच्या वार्ताहराने एका वस्तीवर फोन हातात घेऊन उभे राहिल्यावर आम्हाला दिसली. सोयाबीनची मळणी आटोपून बसलेल्या एका बाईंना त्याने फॉर्म भरायला विनंती केली. त्यांनी भरला, क्रमांक विचारला तेव्हा घरातला क्रमांक सांगितला, आणि ओटीपी गेला तो कंपनीत पाळीवर असलेल्या मुलाच्या खिशातल्या फोनवर. मुलाला फोन लावला तर तो म्हणाला, “आई, मी केलंय ते काल रात्रीच.” त्या घरात मतदार पाच होते आणि आमच्या यंत्रणेत त्या घराचे मत एक होते, तेही घरापासून शंभर किलोमीटरवर बसलेल्याचे. म्हणजे ओटीपीने एका माणसाची पाच मते रोखली आणि पाच माणसांचे एकच मत केले.

ही एका वस्तीची गोष्ट नाही. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेले होते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३३.३ टक्के होते. त्यानंतर फोन वाढले, स्वस्त डेटा वाढला, अंतर काही प्रमाणात कमी झाले असणार. पण फोन घरात असणे आणि फोन हातात असणे यांतला फरक आकडेवारीत सहजासहजी दिसत नाही. या निवडणुकीत तर हीच बाजू कळीची होती. जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये २१ ते ६५ वयाच्या पात्र स्त्रियांसाठी सुरू झाले होते, प्रचाराचा निम्मा भर त्यावर होता आणि स्त्रियांचे मतदान २०१९पेक्षा लक्षणीय वाढले. आमच्या कौलात मात्र उत्तर देणाऱ्यांत पुरुषांची संख्या इतकी जास्त होती की, ज्या मतदारवर्गाभोवती सगळी निवडणूक फिरत होती, तो आमच्या पट्ट्यांत जवळजवळ नव्हताच.

सेवा यावर उपाय देते आणि त्याला “वेटेज” म्हणते. नमुन्यात स्त्रिया कमी असतील तर आलेल्या प्रत्येक स्त्रीच्या उत्तराला अधिक वजन द्यायचे, तरुण जास्त असतील तर त्यांचे वजन उतरवायचे. तत्त्व चुकीचे नाही, उलट ते नीट वापरले तर काय होऊ शकते याचे उदाहरण आहे. २०१२च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत संशोधकांनी एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर रोज कौल घेतला. सुमारे ३ लाख ४५ हजार लोकांनी भाग घेतला, त्यांत ९३ टक्के पुरुष होते आणि ६५ टक्के ३०पेक्षा कमी वयाचे. याहून वाकडा नमुना शोधून सापडणार नाही. तरीही वय, लिंग, वंश, शिक्षण, राज्य, पक्षनिष्ठा, आधीच्या निवडणुकीतले मत असे अनेक कप्पे पाडून, प्रत्येक कप्प्याचा अंदाज संख्याशास्त्रीय प्रतिमानाने (मॉडेलने) काढून आणि खऱ्या मतदारांतील त्याच्या हिश्श्यानुसार तो जोडून त्यांनी जे आकडे काढले ते नामवंत चाचण्यांच्या तोडीचे निघाले. पण तिथे त्यांच्याकडे लाखांनी उत्तरे होती आणि प्रत्येक कप्प्यात खऱ्या मतदारांचा हिस्सा किती याची माहिती होती. आमच्याकडे साठीच्या पुढच्या स्त्रियांची उत्तरे दोन्ही हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि वेटेजचे बटण दाबताच त्या मूठभर उत्तरांच्या जोरावर एका उमेदवाराची पट्टी दोन बोटे सरकली. त्यांतली काही उत्तरे आजीच्या नावाने नातवाने भरलेली असतील अशी माझी रास्त शंका आहे. जातीचा आणि आधीच्या मताचा कप्पा वेटेजमध्ये नव्हताच. आणि तो असता तरी मतदारसंघनिहाय खरा हिस्सा कुठून आणायचा, कारण मतदार यादीत नाव, वय आणि लिंग असते, जात नसते. आपल्याकडे जात हा मतदानाचा केवढा मोठा धागा आहे हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

याउलट जुन्या पद्धतीची चाचणी कशी होते ते पाहण्यासारखे आहे. दिल्लीच्या सीएसडीएस (सेंटर फॉर द स्टडी ऑफ डेव्हलपिंग सोसायटीज) या संशोधन संस्थेचा लोकनीती हा उपक्रम १९९०च्या दशकापासून मतदारांचे अभ्यास करतो. त्यात मतदान केंद्रे यादृच्छिक पद्धतीने निवडतात, त्या केंद्राच्या यादीतून ठरावीक अंतराने नावे घेतात आणि त्याच नावाच्या माणसाला शोधत घरी जातात. शेजारचा रिकामा बसलाय म्हणून त्याला विचारून चालत नाही. मताचा प्रश्न आला की उत्तरदात्याच्या हाती नमुना मतपत्रिका देतात, तो शिक्का मारून घडी करून पेटीत टाकतो. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यालाही मत दिसत नाही. ऑनलाइन फॉर्मचा एक खरा फायदा याच जातीचा आहे, समोर माणूस नसल्याने संकोच कमी होतो. पण गावात फॉर्म चारचौघांत बसून, मोठ्याने वाचत भरला जातो, हे आम्ही दोन पारांवर पाहिले.

समजा, मतांचा अंदाज बरोबर आला. तरी जागांचे काय? ही सेवा मतांच्या टक्केवारीवरून विधानसभेच्या २८८ जागांचा “प्रक्षेप” देते आणि त्यासाठी वेगळे पैसे घेते. आम्ही ते घेतले नाहीत, आणि कोणी घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. मध्य प्रदेशात २०१८मध्ये भाजपला ४१.०२ टक्के आणि काँग्रेसला ४०.८९ टक्के मते होती. जागा मात्र भाजपला १०९ आणि काँग्रेसला ११४ मिळाल्या. हरियाणात ऑक्टोबर २०२४मध्ये दोन्ही पक्षांत एक टक्क्याहून कमी अंतर असताना भाजपला ४८ आणि काँग्रेसला ३७ जागा पडल्या, आणि तिथे तर मतदान केंद्राबाहेर माणसे उभी करून घेतलेल्या एक्झिट पोलनीही सरकार काँग्रेसचे येणार असे सांगितले होते. आपल्याकडे लोकसभेला महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांतही एक टक्क्याहून कमी अंतर होते, पण ४८पैकी ३० जागा आघाडीला आणि १७ महायुतीला गेल्या. सहा महिन्यांत विधानसभेला महायुतीतले भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी ४१ असा निकाल आला. महायुती पुढे आहे असे बहुतेक चाचण्यांनी म्हटले होते, पण एवढी मोठी झेप त्यांच्या आकड्यांत नव्हती. याच निवडणुकीत मालेगाव मध्यची जागा १६२ मतांनी आणि साकोलीची २०८ मतांनी लागली. सरासरी मतदारसंघात सव्वातीन लाखांहून अधिक मतदार असताना १६२ मतांचा फरक कोणत्या लिंकला दिसणार होता?

कायद्याच्या बाबतीत सेवेची बेफिकिरी मात्र खटकली. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६नुसार मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जनमत चाचणीचे निष्कर्ष इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून दाखवता येत नाहीत, आणि कलम १२६अ नुसार ठरवून दिलेल्या काळात एक्झिट पोल घेणे व प्रसिद्ध करणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा किंवा दंडाचा गुन्हा आहे. आमच्या कौलाचे निकाल पान सर्वांना खुले होते. १८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी ते बंद करायला गेलो, तर ठरावीक वेळी पान आपोआप झाकण्याची सोय नाही असे आढळले. पूर्ण फॉर्मच बंद करावा लागला आणि तरीही जुन्या लिंकवर आलेख दीड-दोन तास दिसत राहिला. मदत मागितली तर “आपली विनंती आम्हाला मिळाली आहे” हे पत्र लगेच आले, माणसाचे उत्तर मतदान झाल्यावर आले. राज्यांच्या निवडणुकांसाठी खास म्हणून विकल्या जाणाऱ्या सेवेला एवढी एक वेळ पाळता येऊ नये, याला काही सबब नाही. त्यात भर म्हणजे ओटीपी अर्धवट सोडलेले फॉर्मही योजनेच्या मर्यादेत मोजले गेले, आणि शेवटच्या आठवड्यात मर्यादा संपल्याचा संदेश आला.

पैसे पूर्ण वाया गेले असे मात्र म्हणवत नाही. फॉर्मच्या शेवटी “तुमच्या गावचा सर्वांत मोठा प्रश्न कोणता?” असा मोकळा प्रश्न आम्ही ठेवला होता आणि त्याखालच्या रकान्यात लोकांनी जे लिहिले ते वाचण्यात दोन रात्री गेल्या. सोयाबीनला ४८९२ रुपये हमीभाव जाहीर असताना बाजारात त्याहून कमी भाव का, शेतीपंपाला वीज रात्रीच का, शाळा सुटण्याच्या वेळेची एसटी बंद का केली. एकाने तर आपल्या पुलाचे काम कोणत्या वर्षापासून अडले आहे ते तारखांसह लिहिले होते. त्यांतून आम्हाला तीन चांगल्या बातम्या मिळाल्या आणि तिन्हींची शहानिशा वार्ताहराने जागेवर जाऊन केली. इथे नमुना प्रातिनिधिक नसला तरी बिघडत नाही, कारण किती टक्के लोक असे म्हणतात हा आपला दावाच नसतो. एवढ्या कामासाठी मोफत योजना पुरेशी आहे.

२३ तारखेला दुपारी निकाल लागला तेव्हा आमच्या कौलातला पहिला उमेदवार दुसरा आला. कौल बरोबर ठरला असता तरी या परीक्षणातला एकही शब्द मी बदलला नसता, कारण नाणे उडवूनही निम्म्या वेळा उत्तर बरोबर येते. सेवेला पाचपैकी दोन गुण देतो. एक मोकळ्या प्रश्नासाठी, एक फॉर्म तयार करण्याच्या सोपेपणासाठी. हिरवी चौकट काढली आणि उत्तरदात्यांची लिंग, वय, गाव अशी विभागणी निकालाच्या शेजारी ठळकपणे दाखवली, तर तिसरा गुण द्यायला मला आनंद होईल.

वर्गणीचे नूतनीकरण केले नाही. त्या पैशांत कागदी फॉर्म छापून घेतले आहेत, वीस मतदान केंद्रांच्या याद्या मिळवल्या आहेत आणि महाविद्यालयातल्या दोन मुलींना यादीतले प्रत्येक पन्नासावे नाव शोधायला सांगितले आहे. पहिल्या दिवशी त्यांना आठ घरे सापडली. तीन बंद होती, एका घरी माणूस ऊसतोडीला गेलेला होता, आणि उरलेल्या चार घरी चहा झाला.